बेसबॉल कोणी शोधला? : एका खेळाचा आरंभकाळ आणि त्याचे दोन इतिहास

शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉलचा समावेश झाल्यापासून आमच्या शाळेच्या मैदानावरही त्या खेळाची बॅट आणि हातमोजे दिसू लागले. त्या सुरुवातीच्या दिवसांत आठवीच्या एका विद्यार्थ्याने संध्याकाळच्या अभ्यासिकेत आम्हांस प्रश्न विचारला, "सर, क्रिकेट इंग्रजांनी आणले, कबड्डी आपली. मग बेसबॉल कोणी शोधला?" सामान्यज्ञानाच्या एका पुस्तकात वाचलेले उत्तर आम्ही तत्काळ देऊन टाकले : अब्नर डबलडे, सन १८३९, कूपर्सटाउन, अमेरिका. मुलाने ते वहीत उतरवून घेतले. पुढे या विषयावरील वाचन वाढले, तेव्हा ते उत्तर साफ खोटे असल्याचे आमच्या ध्यानी आले. इतिहास विषय घेऊन एम.ए. झालेल्या शिक्षकाने साधनाची खातरजमा न करता सनावळी सांगावी, ही चूक लहान नव्हे. तो विद्यार्थी आज माजी विद्यार्थी म्हणून ही स्मरणिका हाती घेईल. त्याच्या वहीतील ती ओळ दुरुस्त करणे, हे या लेखाचे पहिले प्रयोजन होय.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही अशा पालकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. बेसबॉलमध्ये प्रत्येकी नऊ खेळाडूंचे दोन संघ असतात. मैदानात नव्वद फूट बाजूचा एक चौरस आखलेला असतो व त्याच्या चार कोपऱ्यांना बेस म्हणतात. पिचर चेंडू टप्पा न पाडता थेट फेकतो, फलंदाज तो टोलवतो आणि पहिला, दुसरा, तिसरा असे बेस क्रमाने गाठत मूळ जागी परततो. ती फेरी पूर्ण झाली की एक धाव. तीन गडी बाद झाले की फलंदाजीची पाळी दुसऱ्या संघाकडे जाते. असे नऊ डाव होतात. क्रिकेटपटू दोन विकेटांच्या मध्ये ये-जा करतो, बेसबॉलपटू गोल फिरून घरी येतो, इतके ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता डबलडेची कथा पाहू. ती १८३९ मध्ये घडलेली नसून १९०५ ते १९०८ या काळात रचली गेली. हेन्री चॅडविक हा जन्माने इंग्रज असलेला पत्रकार बेसबॉलचा सर्वांत जाणकार लेखक मानला जाई. धावसंख्येचा तक्ता वृत्तपत्रांत रूढ करण्याचे श्रेय प्रामुख्याने त्याच्याकडे जाते. बेसबॉल हा इंग्लंडमधील 'राउंडर्स' नावाच्या मुलांच्या खेळातून निघाला, असे त्याचे मत होते. हे मत आल्बर्ट स्पॉल्डिंग यास रुचेना. स्पॉल्डिंग हा पूर्वीचा नामांकित पिचर आणि नंतर क्रीडासाहित्याचा मोठा कारखानदार. अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ अमेरिकेच्याच मातीत जन्मलेला असावा, ही त्याची इच्छा. राष्ट्राभिमान आणि बॅट-चेंडूंचा व्यापार या दोहोंनाही ते सोयीचे होते. त्याच्या पुढाकाराने १९०५ मध्ये एक समिती नेमण्यात आली. अध्यक्ष होते नॅशनल लीगचे माजी अध्यक्ष अब्राहम मिल्स. समितीत माजी खेळाडू व राजकारणी पुरुष होते. इतिहासाचा अभ्यासक एकही नव्हता.

समितीकडे अब्नर ग्रेव्ज नावाच्या एका वृद्ध खाण-अभियंत्याचे पत्र आले. कूपर्सटाउन गावात डबलडे याने हा खेळ शोधून काढला, असे त्यात म्हटले होते. ज्या प्रसंगाचा हा साक्षीदार, त्या प्रसंगी, म्हणजे १८३९ साली, ग्रेव्जचे वय पाच वर्षांचे होते. डबलडे स्वतः त्या वर्षी वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात विद्यार्थी होता. पुढे तो यादवी युद्धात सेनापती झाला आणि त्याने विपुल लेखन केले, परंतु बेसबॉल आपण शोधल्याचा दावा त्याने कोठेही केलेला नाही. १८९३ मध्ये तो वारला. त्याचे पार्थिव दर्शनासाठी ठेवले होते तेव्हाच्या मानवंदना पथकात हेच मिल्स उभे होते. म्हणजे डबलडेचा ज्यांच्याशी परिचय होता, त्या मिल्स यांनीही त्याच्या तोंडून हा शोध कधी ऐकला नव्हता. तरीही १९०७ च्या डिसेंबरअखेर त्यांनी निर्णय दिला की बेसबॉलचा जनक डबलडेच. पुढील वर्षी तो निर्णय स्पॉल्डिंगच्या वार्षिक पुस्तिकेत छापला गेला आणि तेथून पाठ्यपुस्तकांत व सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत शिरला. १९३९ मध्ये या काल्पनिक घटनेची शताब्दी साजरी करून कूपर्सटाउन येथे बेसबॉलचे भव्य संग्रहालय उघडण्यात आले.

वस्तुस्थिती अशी की हा खेळ कोणा एकाने शोधलेला नाही. चेंडू, काठी आणि धावून गाठायच्या जागा असलेले खेळ इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात मुले-मुली खेळत असत. १७४४ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या मुलांच्या एका छोट्या पुस्तकात 'बेस-बॉल' हा शब्द छापलेला आढळतो. जेन ऑस्टेनच्या 'नॉर्थँगर अ‍ॅबी' या कादंबरीची नायिकाही लहानपणी तो खेळते. अमेरिकेतील पुरावा तर फारच गमतीदार आहे. मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड गावाने १७९१ मध्ये एक उपविधी केला. नव्या सभागृहाच्या खिडक्या शाबूत राहाव्यात म्हणून इमारतीपासून ऐंशी यार्डांच्या आत क्रिकेट, बेसबॉल आदी खेळ खेळण्यास मनाई करण्यात आली. हा कागद २००४ मध्ये उजेडात आला. डबलडेच्या जन्माच्याही आधी अठ्ठावीस वर्षे पोरे चेंडूने काचा फोडीत होती आणि गावचे कारभारी वैतागले होते, यापेक्षा बोलका पुरावा कोणता?

या मुलांच्या खेळाला प्रौढांच्या खेळाचे रूप मिळाले ते न्यूयॉर्क शहरात. कारकून, व्यापारी, डॉक्टर अशा मध्यमवर्गीय तरुणांनी १८४५ च्या सप्टेंबरात 'निकरबॉकर' क्लब स्थापून नियम लेखी केले. त्यांतील एक नियम आमच्या वाचकांस चटकन समजेल. जुन्या प्रकारांत धावणाऱ्या खेळाडूच्या अंगावर चेंडू फेकून मारला की तो बाद होई, जसे आपल्याकडे लगोरीत करतात. निकरबॉकरांनी ही मारामारी बंद केली. अंगावर फेक नाही म्हटल्यावर चेंडू टणक करता आला, टणक चेंडू दूर जाऊ लागला आणि मैदान विस्तारले. एका लहानशा नियमाने खेळाची सारी चाल बदलली. त्या वेळी एकवीस धावा आधी करणारा संघ जिंकत असे, पिचरला हात खाली ठेवूनच चेंडू टाकावा लागे आणि एक टप्पा पडल्यावर झेललेला चेंडूही झेल मानला जाई. नऊ खेळाडू, नऊ डाव आणि नव्वद फूट हे आकडे १८५७ च्या परिषदेत ठरले. त्या परिषदेचे अध्यक्ष होते निकरबॉकर क्लबचेच डॉ. डॅनियल अ‍ॅडम्स. विशेष असे की या आकड्यांचे श्रेय पुढे अलेक्झांडर कार्टराईट या दुसऱ्याच सदस्यास देण्यात आले. तो तर १८४९ मध्येच सोन्याच्या ओढीने कॅलिफोर्नियास आणि तेथून हवाई बेटांवर निघून गेला होता. जनक शोधण्याची हौस एकदा लागली की डबलडे जाऊन कार्टराईट येतो, इतकेच.

हडसन नदीपलीकडे होबोकेन येथील एलिशियन फील्ड्स या मैदानावर १९ जून १८४६ रोजी निकरबॉकरांनी दुसऱ्या संघाशी सामना खेळला आणि स्वतःच्याच नियमांनुसार ते १ विरुद्ध २३ धावांनी हरले. पुढे १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने खेळ छावण्याछावण्यांत पोहोचवला. नॉर्थ कॅरोलायनातील सॉल्सबरी येथील तुरुंगात उत्तरेचे युद्धकैदी बेसबॉल खेळत असल्याचे त्या काळचे रंगीत चित्र आजही उपलब्ध आहे.

युद्ध संपले, गुलामगिरी घटनेने रद्द झाली. आणि येथून या इतिहासाचा तो भाग सुरू होतो, जो सामान्यज्ञानाच्या पुस्तकात कधीच नसतो.

फिलाडेल्फिया शहरात 'पिथियन' नावाचा कृष्णवर्णीयांचा बेसबॉल क्लब होता. त्याचा कप्तान ऑक्टेव्हियस कॅटो हा शिक्षक होता, हे येथे मुद्दाम नमूद करतो. त्याचे वडील एकेकाळी गुलाम होते, पुढे धर्मोपदेशक झाले. कॅटोचा जन्म १८३९ चा. डबलडेच्या खोट्या सनावळीतील हे वर्ष आम्ही आता या कारणाने लक्षात ठेवतो. कृष्णवर्णीय मुलांसाठी चालवलेल्या ज्या संस्थेत तो शिकला, तेथेच तो इंग्रजी व गणित शिकवू लागला. ती संस्था पुढे चेनी विद्यापीठ म्हणून ओळखली जाऊ लागली. घोड्यांच्या ट्रामगाड्यांत कृष्णवर्णीयांना बसू देत नसत, त्याविरुद्धच्या लढ्यात कॅटो अग्रभागी होता. मार्च १८६७ मध्ये पेनसिल्व्हेनियाने हा भेदभाव कायद्याने बंद केला. कायदा झाल्यावर तीनच दिवसांनी कॅटोची वाग्दत्त वधू कॅरोलाइन लेकाउंट, तीही शिक्षिकाच, हिला एका ट्रामचालकाने गाडीत घेण्यास नकार दिला. ती न्यायाधिकाऱ्याकडे गेली आणि चालकास शंभर डॉलर दंड झाला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात पिथियन क्लबने राज्य बेसबॉल संघटनेच्या सदस्यत्वासाठी हॅरिसबर्ग येथे अर्ज केला. अर्ज फेटाळला जाणार हे दिसताच अनेक प्रतिनिधींनी पिथियनच्या प्रतिनिधीस सौजन्याने सल्ला दिला की अपमान टाळण्यासाठी अर्ज मागे घ्यावा. अर्ज मागे घेतला गेला. डिसेंबरात राष्ट्रीय संघटनेची परिषद खुद्द फिलाडेल्फियात भरली आणि तिने ज्या क्लबात एक जरी कृष्णवर्णीय असेल त्यास प्रवेश नाही, असा निर्णय केला. समितीने दिलेले कारण वाचण्यासारखे आहे. अशा क्लबांस घेतले तर सदस्यांत मतभेद होण्याचा संभव आहे, वगळले तर कोणाचेच नुकसान होत नाही, असा त्याचा आशय. 'कोणाचेच' या शब्दाच्या हिशेबात पिथियनचे खेळाडू धरलेलेच नव्हते. शिष्टाचार सांभाळून केलेला हा बहिष्कार आमच्या वाचकांस अपरिचित वाटणार नाही.

पिथियन खचले नाहीत. वॉशिंग्टनच्या 'अलर्ट' क्लबाशी त्यांचे सामने होत. थोर गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांचा मुलगा चार्ल्स त्या क्लबात खेळे. ३ सप्टेंबर १८६९ रोजी पिथियनने शहरातील 'ऑलिम्पिक' या जुन्या गोऱ्या क्लबाशी जाहीर सामना खेळला. त्यात ते २३ विरुद्ध ४४ धावांनी हरले, परंतु लवकरच 'सिटी आयटेम' या दुसऱ्या गोऱ्या संघास त्यांनी हरवले. १८७० मध्ये पंधराव्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला. १० ऑक्टोबर १८७१ हा फिलाडेल्फियातील मतदानाचा दिवस होता. कृष्णवर्णीयांनी मतदान करू नये म्हणून दंगल माजवण्यात आली आणि त्या दंगलीत कॅटो आपल्या घराजवळच गोळी लागून ठार झाला. तो बत्तीस वर्षांचा होता. आरोपी पळून गेला, काही वर्षांनी पकडला गेला, प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांनी त्यास ओळखले, आणि १८७७ मध्ये तो निर्दोष सुटला. पिथियन क्लबही कॅटोमागे टिकला नाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी जनांस अर्पण केला, गुलामांना मुक्त केल्याबद्दलच्या आदराने. ती अर्पणपत्रिका वर्गात शिकवताना आम्ही आता कॅटोचीही गोष्ट सांगतो. बेड्या तुटल्या होत्या हे खरे. त्याच वेळी कॅटोचा मारेकरी मोकळा फिरत होता, हेही खरे. जोतीरावांचा आदर त्यामुळे उणा ठरत नाही.

मधल्या काळात खेळ धंदा झाला. १८६९ मध्ये सिनसिनाटीच्या 'रेड स्टॉकिंग्ज' संघाने सर्व खेळाडूंना उघडपणे पगार दिला. हॅरी राइट हा त्यांचा सूत्रधार मूळचा व्यावसायिक क्रिकेटपटू होता. त्या हंगामात त्यांनी ५७ सामने जिंकले व एकही हरला नाही. १८७६ मध्ये नॅशनल लीग स्थापन झाली. सत्ता खेळाडूंकडून मालकांकडे गेली व १८७९ पासून मालकांनी खेळाडूस बांधून ठेवणारे कलम आणले, ज्यामुळे त्यास स्वेच्छेने संघ बदलता येईना. जॉन वॉर्ड या खेळाडूने, जो कायद्याचा पदवीधर होता, खेळाडू ही मालकाची जंगम मालमत्ता आहे काय, असा प्रश्न लेखाच्या मथळ्यातच विचारला. १८९० मध्ये खेळाडूंनी स्वतःची लीग काढली. ती एका हंगामात बुडाली. हा सारा लढा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

या व्यावसायिक संघटनांनी कृष्णवर्णीयांविरुद्ध लेखी नियम केला नाही. म्हणून १८७० नंतरच्या दीड दशकात काही जणांना फट सापडली. त्यांत मोझेस फ्लीटवुड वॉकर हा ओबरलिन महाविद्यालयात व मिशिगन विद्यापीठात शिकलेला तरुण होता. १८८४ मध्ये तो टोलेडो संघाकडून त्या वेळच्या अव्वल दर्जाच्या लीगमध्ये ४२ सामने खेळला. तो कॅचर होता, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा. कोणता चेंडू टाकावा याची खूण कॅचर पिचरला करतो. टोलेडोचा पिचर टोनी मुलेन वॉकरच्या खुणा मुद्दाम धुडकावी, कारण कृष्णवर्णीयाचा हुकूम त्यास मानावयाचा नव्हता. मुलेनने पुष्कळ वर्षांनी हे स्वतः कबूल केले आणि आपण पाहिलेला तो सर्वोत्तम कॅचर होता हेही सांगितले. खूण न मिळता वेगवान चेंडू येत आणि त्या काळी कॅचरच्या हातमोज्याला आजच्यासारखी जाडी नव्हती. रिचमंड शहरातून तर पत्र आले की वॉकर येथे मैदानात उतरला तर पंचाहत्तर माणसे त्यास बडवून काढण्याच्या तयारीत आहेत.

१४ जुलै १८८७ हा दिवस इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा. शिकागो संघाचा नामवंत कप्तान कॅप अ‍ॅन्सन याने न्यूअर्क संघातील जॉर्ज स्टोव्ही व वॉकर या कृष्णवर्णीय खेळाडूंविरुद्ध खेळण्यास नकार दिला. स्टोव्ही आजारी असल्याचे सांगून त्यास बसवण्यात आले. त्याच दिवशी बफेलो येथे इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी सहा विरुद्ध चार मतांनी ठरवले की यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार मंजूर करू नयेत. हळूहळू सर्व लीग त्याच वाटेने गेल्या आणि वरच्या लीगमध्ये नियम कागदावर न आणता तो पाळला गेला. तोंडी नियमाविरुद्ध दाद कोठे मागणार? आपल्याकडील पाणवठ्यांवरही पाटी लावलेली नव्हती. वॉकरचा भाऊ वेल्डी, तोही खेळाडू, याने १८८८ मध्ये एका लीगच्या अध्यक्षास जाहीर पत्र लिहिले. नियम करायचाच तर तो वर्तनावर व बुद्धीवर करा, कातडीच्या रंगावर नको, अशी त्याची मागणी होती. सारा दोष अ‍ॅन्सनच्या माथी मारण्याची काही लेखकांची पद्धत आम्हांस पटत नाही. त्याचा द्वेष निर्विवाद आहे, पण ती सहा मते अ‍ॅन्सनची नव्हती.

नाव बदलून आत शिरण्याचाही एक प्रयत्न झाला. १९०१ मध्ये बाल्टिमोरचा व्यवस्थापक जॉन मॅकग्रॉ याने हॉटेलात सामान वाहणाऱ्या चार्ली ग्रँट या उत्तम खेळाडूस 'टोकोहामा' हे नाव देऊन तो चेरोकी जमातीचा असल्याचे जाहीर केले. शिकागोच्या संघमालकाने ते बिंग फोडले आणि ग्रँट परत गेला. आडनाव सांगताना क्षणभर थांबणाऱ्या आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

ज्यांना बाहेर काढले त्यांनी स्वतःचे संघ उभारले. १८८५ मध्ये लाँग आयलंडवरील एका हॉटेलातील कृष्णवर्णीय वाढप्यांतून 'क्यूबन जायंट्स' हा पहिला व्यावसायिक कृष्णवर्णीय संघ तयार झाला. त्यात क्यूबाचा कोणीच नव्हता. या संघात काही काळ खेळलेल्या सोल व्हाइटने पुढे एक छोटे पुस्तक लिहिले, कृष्णवर्णीयांच्या बेसबॉलचा इतिहास. खेळाडूंची नावे, छायाचित्रे, सामने, हॉटेलात जागा न मिळण्याचे प्रसंग, गोऱ्या व कृष्णवर्णीय खेळाडूंच्या मिळकतीतील तफावत असे सारे त्यात आहे. हे पुस्तक फिलाडेल्फियात छापले गेले ते १९०७ मध्ये. मिल्स समितीने डबलडेची कथा प्रमाण ठरवली तेही १९०७ मध्येच. एकीकडे अधिकृत समितीने पुराव्यावाचून इतिहास लिहिला, तर दुसरीकडे महाविद्यालयीन प्राध्यापक नसलेल्या एका खेळाडूने स्वतः पाहिलेल्या व पडताळलेल्या गोष्टी नोंदवून ठेवल्या. पहिला शाळाशाळांत शिकवला गेला. दुसऱ्याच्या अगदी थोड्या मूळ प्रती आज शिल्लक आहेत. व्हाइट १९५५ मध्ये वारला. त्यापूर्वी आठ वर्षे, १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सनने ब्रुकलिनच्या संघातून खेळून ती रंगरेषा ओलांडली होती, आणि ते त्याच्या हयातीत घडले.

राहता राहिले कूपर्सटाउन. त्या गावाचा बेसबॉलशी खरा संबंध आहे, फक्त तो डबलडेमुळे नाही. १८५८ मध्ये जन्मलेला जॉन जॅक्सन नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा तेथे लहानाचा मोठा झाला. त्याचे वडील न्हावी होते. 'बड फाउलर' या नावाने तो १८७८ मध्ये व्यावसायिक संघात उतरला. आज ज्ञात असलेला तो पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक बेसबॉलपटू होय. दुसऱ्या बेसवर उभा असताना गोरे खेळाडू बुटांचे खिळे त्याच्या नडग्यांत घुसवीत, म्हणून तो पायांना लाकडी फळ्या बांधून खेळे, अशी हकीकत त्या काळच्या क्रीडावृत्तांत नमूद आहे. एका गावाने काढले की दुसऱ्या गावी जायचे, असे करीत त्याने कितीतरी संघ बदलले. १९१३ च्या फेब्रुवारीत तो दारिद्र्यात वारला. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी त्याच न्यूयॉर्क राज्यात उतरले.

फाउलरच्या थडग्यावर १९८७ पर्यंत नावाचा दगड नव्हता. बेसबॉलच्या इतिहास-संशोधकांनी तो त्या वर्षी बसवला. २०१३ मध्ये कूपर्सटाउन गावाने एका रस्त्याला फाउलरचे नाव दिले आणि २०२२ मध्ये तेथील संग्रहालयात त्याची गणना सन्माननीय खेळाडूंत झाली. डबलडे तेथे खेळाडू म्हणून नाही, परंतु गावातील मैदानाला अजूनही त्याचेच नाव आहे. त्या मैदानाकडे जाणारा जो रस्ता, तो फाउलरच्या नावाचा.